गंगापूर रोडच्या कॅफेतला खुनाचा खटला: पैसे वसूल, फक्त शेवटची दहा मिनिटं सोडून

आधी हे काय आहे ते सांगतो, कारण पोस्टर बघून बऱ्याच जणांना नाटक वाटतंय. नाटक नाहीये. नाशिकच्या गंगापूर रोडला वरच्या मजल्यावर जो कॅफे आहे तिथे शनिवारी संध्याकाळी खोटा खुनाचा खटला चालवतात. प्रत्येक टेबलाला एक फाइल देतात, दोन वकील समोरासमोर उभे राहतात (दोघंही खरे वकील, सरकार पक्षाकडून एक मॅडम आणि बचावाला एक उंच गृहस्थ), तीन-चार साक्षीदार येतात, सरतपास (बोलावणाऱ्या वकिलाचे प्रश्न) आणि उलटतपास (समोरच्या वकिलाचे) होतो आणि शेवटी प्रत्येक टेबलाने निकाल लिहून द्यायचा, दोषी की निर्दोष आणि का. तिकीट ५९९, त्यात एक कॉफी आणि एक प्लेट खायला. तीन तासांचा कार्यक्रम म्हणतात, साडेतीन धरून चला.

मी वकील नाही. पण सीबीएस बस स्टँडजवळच्या कोर्टात एका फौजदारी वकिलांकडे बरीच वर्षं कारकुनी केलीये, चार्जशीटच्या झेरॉक्स काढून काढून बोटं काळी झालीत, त्यामुळे रिव्ह्यू थोडा खवचट वाटला तर चालवून घ्या.

सुरुवातीला होस्ट पोरगा पाच मिनिटं नाशिकचा ब्रिटिश कलेक्टर जॅक्सन याच्या खुनावर बोलतो. नाशकात खुनाच्या खटल्याचा विषय काढला की तिथूनच सुरुवात होणार, साहजिक आहे. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, 'संगीत शारदा'चा प्रयोग आणि कलेक्टरवर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे, विशीही न गाठलेला पोरगा. बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा बदला हे कारण. हे सगळं तो छान सांगतो, गोल्फ क्लबच्या मैदानाला कान्हेऱ्यांचं नाव का आहे हे आमच्या टेबलावरच्या दोन पोरांना त्या दिवशी कळलं. पण पुढचं जे सांगायला पाहिजे ते तो सांगतच नाही. त्या खटल्यात गोळी कोणी झाडली याबद्दल वादच नव्हता, भरल्या थिएटरात झाडली, जागीच पकडला. म्हणजे कान्हेऱ्यांपुरतं बघितलं तर 'का मारलं' हे सिद्ध झालं काय आणि नाही झालं काय, फरक पडला नसता. कारणाचा उपयोग झाला तो बाकीच्यांना धरायला, कटात कोण कोण होतं, पिस्तूल कुठून आलं. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या जेलमध्ये तिघांना फाशी झाली, कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे, आणि गोळी त्यातल्या एकानेच झाडली होती. एवढं सांगितलं असतं तर त्या रात्रीच्या फाइलची चावीच हातात मिळाली असती राव, कारण ती फाइल पूर्णपणे हेतूवर उभी आहे.

तर केस अशी. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग, दोन भाऊ. फेब्रुवारी २०२५, ऐन खुड्याचे दिवस, थोरला भाऊ सकाळी पॅकिंगच्या शेडमध्ये क्रेटच्या थप्पीमागे मेलेला सापडतो, डोक्यात मागून घाव. आरोपी धाकटा भाऊ. डोळ्यांनी बघणारं कोणी नाही. एका मजुराने दोघांना संध्याकाळी सातला शेडजवळ बोलताना बघितलं, कुदळीचा दांडा आरोपीने बांधावरून काढून दिला, आरोपीच्या शर्टावर बी ग्रुपचं रक्त आणि मोबाइलचं लोकेशन घटनास्थळाच्या टॉवरखाली. यावर हेतूची चार कारणं: वाटणीचा दावा, सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन वर्षांपूर्वी झालेली एनसी (पोलिसातली अदखलपात्र तक्रार), घटनेच्या सहा दिवस आधीचा 'तुला बघूनच घेतो' असा व्हॉइस मेसेज आणि थोरल्याच्या बायकोची साक्ष की 'हे नेहमी म्हणायचे, धाकटा मला जगू देणार नाही'.

फाइलला पैकीच्या पैकी. ज्याने बनवली त्याने खऱ्या फायली हाताळलेल्या आहेत. सातबारा आहे, दाव्याची सर्टिफाइड कॉपी आहे, पंचनामा अगदी पंचनाम्याच्या भाषेत, 'येणेप्रमाणे पंचनामा समक्ष केला असे'. पंचाची सही दोन्ही पंचनाम्यांवर त्याच माणसाची, जो पोलीस स्टेशनसमोर टपरी चालवतो. हसलो मी तिथे. एक चूक मात्र पहिल्याच पानावर, घटना २०२५ ची आणि कलम लिहिलंय ३०२, जुन्या दंड संहितेतलं. अहो १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाला आता कलम १०३. सवय जाता जात नाही हे कबूल, पण ५९९ घेताय.

आमच्या टेबलावर सातपूरच्या एका कंपनीतली चार पोरं, एक रिटायर्ड मास्तर आणि मी. फाइल उघडून दहा मिनिटं झाली नाहीत तोवर पोरांचं ठरलं. 'काका, विषय संपला, जमिनीसाठी भावाने भावाला मारलं, रोज पेपरात असतं.' आणि हाच त्या संध्याकाळचा खरा खेळ आहे, म्हणून मला हा कार्यक्रम आवडला. कारण सापडलं की माणसाला आरोपी सापडल्यासारखंच वाटतं, मग पुढचा पुरावा आपण वाचत नाही, नुसता त्या कारणाभोवती रचत जातो.

पोरांना सांगितलं, अरे बाबांनो, खुनाच्या गुन्ह्याला 'का मारलं' हे सिद्ध करावंच लागत नाही. मारण्याचा इरादा होता का, जीव जाईल हे ठाऊक होतं का, हे बघतात. गळ्यावर कोयता चालवला तर इरादा कोयत्यातच दिसतो, राग कशाचा होता हा वेगळा प्रश्न. पण पुराव्याच्या कायद्यात हेतूला जागा आहे, १८७२ च्या जुन्या कायद्यात कलम ८, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६. हेतू, तयारी आणि आधीची-नंतरची वागणूक, तिन्ही एकाच कलमात. त्यातलं पहिलंच उदाहरण मस्त आहे: अ वर ब च्या खुनाचा खटला आहे, आणि अ ने पूर्वी क ला मारलं होतं, ते ब ला माहीत होतं आणि ते उघड करीन म्हणून ब पैसे उकळायला बघत होता. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा आणि उदाहरण थेट ब्लॅकमेलचं.

मग वजन किती द्यायचं? कोर्टातला हिशोब साधारण असा. डोळ्यांनी बघणारा भरवशाचा साक्षीदार असेल तर हेतू मागे पडतो, नाही सापडला तरी चालतं. सगळी केस परिस्थितीजन्य पुराव्यावर असेल तर हेतू साखळीतली एक महत्त्वाची कडी होतो आणि तो अजिबातच नसेल तर ते आरोपीच्या बाजूने मोजतात. त्यातही सरकार पक्षाला हेतू सिद्ध करता आला नाही म्हणून केस पडलीच असं नाही, कारण माणसाच्या पोटात काय आहे ते त्यालाच माहीत. पण कडी ती कडीच. बाकीच्या दोन कड्या तुटलेल्या असतील तर तिच्या जोरावर साखळी जोडली जात नाही. शरद बिर्धीचंद सारडा खटला, पुण्याचाच, १९८४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, आमचे साहेब त्यातली परिस्थितीजन्य पुरावा तपासायची पाच तत्त्वं पोपटासारखी म्हणून दाखवायचे. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही. त्या केसमध्ये पुण्याच्या सेशन कोर्टाने फाशी दिली होती, हायकोर्टाने कायम केली होती आणि वरती माणूस सुटला.

बचावाच्या वकिलांनी इथे जे काम केलं ते बघण्यासारखं होतं, खरं सांगतो तिकिटाचे पैसे या अर्ध्या तासात वसूल. त्यांनी हेतूला हात घालून 'वाद नव्हताच' असं म्हटलं नाही, जे कच्चे वकील हमखास म्हणतात आणि तोंडावर पडतात. वाद होता, मान्य, म्हणाले. दावा माझ्याच अशिलाने २०२२ ला लावला, २०२४ ला स्टे ऑर्डर त्याच्याच बाजूने झाली, मग जो माणूस कोर्टात जिंकत चाललाय त्याला खून करून काय मिळणार? थोरला मेला तर त्याची बायको आणि दोन मुलं वारस म्हणून रेकॉर्डवर येणार, दावा तसाच पुढे चालणार, धाकट्याच्या सातबाऱ्यात एक गुंठाही वाढणार नाही. आणि बायको-मुलं नसती तरी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात खून करणाऱ्याला मयताचा वारसाच होता येत नाही. पोरं गप्प झाली. मास्तर म्हणाले, 'बरोबर आहे की हो त्यांचं.'

पण सरकारी मॅडमही काही कमी नाहीत. उठल्या आणि एकच वाक्य बोलल्या, खून करणारा माणूस वारसाचा तक्ता काढून बसत नाही. हेही खरंच आहे. कोर्टं वारंवार सांगतात की हेतू पुरेसा होता का हे तराजूत टाकून बघता येत नाही, एकाला जे क्षुल्लक वाटतं त्यासाठी दुसरा जीव घेतो, पाण्याच्या पाळीवरून मुडदे पडल्याचं आपल्याकडे कोणाला ऐकून माहीत नाही? तर मग मॅडमची केस फायद्याची राहिली नाही, रागाची झाली. आणि रागाची केस म्हटली की प्रश्न येतो, राग कधीचा? एनसी दोन वर्षांपूर्वीची. मधे थोरल्याच्या मुलीचा साखरपुडा झाला आणि त्या फोटोत धाकटा पंगतीत वाढताना दिसतोय, फोटो फाइलमध्ये लावलाय. जुना राग मधे निवला असेल तर त्याचं वजन कमी होतं.

राहिला व्हॉइस मेसेज, सहा दिवस आधीचा, एकदम ताजा. इथे बचावाने फाइल उलटी-पालटी करून दाखवली, सर्टिफिकेटच नाही. मोबाइलमधला पुरावा कॉपी करून आणला तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, जुनं ६५-बी. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात २०२० ला सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय, मूळ फोनच कोर्टात आणला तर गोष्ट वेगळी. या फाइलमध्ये फोन जप्त नाही, पेन ड्राइव्ह आहे. आमच्या टेबलावरचा एक जण चिडला, 'काका पण आवाज तर त्याचाच आहे ना!' असेल रे, पण पेन ड्राइव्हमध्ये कोणी काय कापलं काय जोडलं याची हमी कोण घेणार? शिवाय 'तुला बघूनच घेतो' हे वाक्य नाशिक जिल्ह्यात दिवसाला किती वेळा बोललं जात असेल याचा विचार करा, मी स्वतः घरमालकाला बोललोय.

आणि थोरल्याच्या बायकोची साक्ष. रडली बिचारी, काम करणारी मुलगी खरंच छान होती, टेबलाटेबलावर रुमाल निघाले. उलटतपासात एकच प्रश्न, 'पोलिसांनी तुमचा जबाब घेतला तेव्हा हे सांगितलं होतं का?' जबाबात नाही. याला कोर्टात ओमिशन म्हणतात, आणि कोर्टात पहिल्यांदाच सांगितलं तर इम्प्रूव्हमेंट. हेतूचा पुरावा सगळ्यात जास्त इथेच फुगतो, कारण घरचं माणूस गेलेलं असतं, मनात एकाचं नाव पक्कं झालेलं असतं, मग चार महिन्यांनी सगळं जुनं बोलणं तसंच आठवायला लागतं. खोटं बोलतात असंही नाही. म्हणून हेतूची कागदावरची बाजू, म्हणजे दावा, नोटीस, तक्रार अर्ज, आणि तोंडी बाजू वेगवेगळी धरायची असते, दोन्हींची एकच मोळी बांधायची नसते. शिवाय वैर दुधारी असतं, वैरातून खून होतो तसंच वैरातून नावही गोवलं जातं.

उरलेल्या पुराव्यावर फार बोलत नाही. दांडा सापडला तो बांधावर, जिथे सगळ्या शिवाराची ये-जा. रक्त बी ग्रुपचं, आणि दोघेही भाऊ बी ग्रुपचे, डीएनए केलेला नाही. टॉवर दोघांच्या घराला तोच, शेडला तोच, त्या तिथल्या अर्ध्या गावाला तोच. मजुराने बघितलं सातला आणि मृतदेह सापडला पहाटे साडेपाचला, साडेदहा तासांत शेडमध्ये कोणीही येऊन जाऊ शकतं. आणि फाइलच्या शेवटून तिसऱ्या पानावर, कोणी वाचलंच नाही ते पान, एक व्यापारी आहे ज्याच्याकडे थोरल्याचे अकरा लाख अडकलेत आणि आदल्या दिवशी थोरल्याने त्याला पोलिसात जाण्याची धमकी दिली होती. व्यापाऱ्याचा जबाबसुद्धा घेतलेला नाही. बचावाला खरा खुनी दाखवून द्यावा लागत नाही, पण हेतूच मोजायचा तर सगळ्यांचा मोजा ना. फाइल लिहिणाऱ्याला इथे सलाम.

हेतू खरोखर चालतो कसा ते बघायचं तर डॉ. लागूंची जुनी केस बघा, मी टेबलावर सांगितली तर कॉफी थंड झाली सगळ्यांची. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे, विधवा, बऱ्यापैकी मालमत्ता. नोव्हेंबर १९५६ ला डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांना रात्रीच्या रेल्वेने मुंबईला घेऊन गेले, जी. टी. हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध अवस्थेत दाखल केलं, आणि नाव लिहून दिलं भलतंच. बाई गेल्या. शरीरात विष सापडलं नाही. तरी डिसेंबर १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने फाशी कायम ठेवली, तिघांपैकी एका न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं. मालमत्तेचा हेतू तिथे आपल्या फाइलीसारखा नुसता टांगलेला नव्हता, त्याच्यामागे वागणूक उभी होती: हॉस्पिटलमध्ये खोटं नाव, बाई जिवंत आहेत असं भासवणारी पत्रं आणि तोवर मालमत्ता पद्धतशीर स्वतःकडे वळवलेली. हेतू आणि नंतरची वागणूक एकाच दिशेला बोट दाखवत होते. आपल्या केसमधला धाकटा पळाला नाही, लपला नाही, गोदाकाठी दहाव्याला हजर होता. पोलिसांनी पकडला तो घरूनच.

निकाल लिहायला वीस मिनिटं देतात. आमच्या टेबलावर चर्चा जोरात झाली, मास्तर आणि मी निर्दोष, दोन पोरं आमच्याकडे आली, दोन नाही. १९७३ च्या बोबडे खटल्यात कोर्टाने म्हटलंय की आरोपी 'असू शकतो' आणि 'असलाच पाहिजे' यात बरंच अंतर असतं, ते सांगून एक अजून आला. शेवटचा म्हणाला, 'काका तुम्ही वकिलांकडे होतात म्हणून असं बोलता.' असेलही. टेबलाचा निकाल बहुमताने निर्दोष, संशयाचा फायदा देऊन. एकूण नऊ टेबलांपैकी सहांनी दोषी लिहिलं, आणि त्यांची कारणं वाचून दाखवली त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य 'त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला फायदा होता?' म्हणजे वारसाचा मुद्दा आणि अकरा लाखांचा व्यापारी दोन्ही पाण्यात. कारणं लिहून मागतात ही पद्धत मात्र बंद करू नका. नौदल अधिकारी नानावटींच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष सांगून टाकलं होतं, का ते सांगायची गरजच नव्हती, आणि सेशन जज्जनी मान हलवून प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. आपल्याकडे आता ज्युरी नाही, निकालाला कारणं लागतात, आणि कारण लिहायला बसलं की निम्म्या लोकांची खात्री हलते, हे आमच्या टेबलावरच दिसलं.

आता तक्रार. सगळे निकाल वाचून झाले की शेवटच्या दहा मिनिटांत पडद्यावर तीन मिनिटांचा व्हिडिओ लावतात, 'खरं काय घडलं'. त्यात धाकटाच दांडा उचलतो. सहा टेबलांनी टाळ्या पिटल्या, आमच्याकडे बघून एकाने हातही हलवला. अरे कशाला! दोन तास घासून घासून पुरावा तपासायला लावला आणि शेवटी 'बघा, जमिनीसाठीच मारलं' असं दाखवून सगळ्याची माती केली. कोर्टात असा व्हिडिओ नसतो. जज्जसमोर जेवढं रेकॉर्डवर आलं तेवढंच असतं, आणि तेवढ्यावर निर्दोष हा निकाल बरोबर होता, व्हिडिओत काहीही असो. मी होस्टला हे जाऊन सांगितलं, तो म्हणाला 'सर पब्लिकला क्लोजर लागतं'. लागतं तर लागू दे ना, घरी जाऊन भांडतील, तेच तर पाहिजे. त्यापेक्षा त्या दहा मिनिटांत दोन्ही वकिलांना बसवून प्रेक्षकांचे प्रश्न घ्या, मॅडमना तर मला दोन प्रश्न विचारायचेच होते.

बाकीचं पटापट. खाण्यात साबुदाणा वडा घ्या, सँडविच नका घेऊ, ब्रेड वातड. कॉफी ठीक. माइक बचावाच्या बाजूचा सारखा जातो, मागच्या टेबलांना उलटतपास नीट ऐकू येत नाही, आणि उलटतपासच ऐकू येत नसेल तर मग बघायचं काय? पार्किंग नावाला आहे, टू-व्हीलरच आणा. लहान मुलांना आणू नका, पोस्टमॉर्टेमचे डायग्राम आहेत. लॉच्या पोरांनी जरूर जा, एनबीटी लॉ कॉलेजची बरीच पोरं दिसली आणि सगळ्यात जोरात भांडत तीच होती.

पाचपैकी साडेतीन. व्हिडिओ काढला आणि ३०२ चं १०३ केलं की साडेचार देईन. पुढच्या महिन्यात विषप्रयोगाची नवीन फाइल येतेय म्हणे, बुकिंग करताना पुढची टेबलं मागून घ्या आणि फाइल हातात आली की शेवटून वाचायला सुरुवात करा.